पुन्हा पुन्हा त्याच पापाची क्षमा मागायची लाज वाटते, तेव्हा देवाच्या दयेवर भरवसा कशाच्या आधारावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच पापासाठी तुम्ही इतक्यांदा क्षमा मागितली आहे की आता प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते. देवाच्या दयेला कुठेतरी मर्यादा असेलच आणि आपण ती केव्हाच ओलांडली, असं मनात येतं. मग अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ तुम्ही लिहिली आहे: देव विश्वासू आहे, तर दोन वर्षं प्रार्थना करूनही आई का गेली?

पाळक म्हणून काम करताना मला हे दोन प्रश्न अनेकदा एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाले आहेत. त्यात नवल नाही. दोन्हींच्या तळाशी शंका एकच असते, देव शब्दाला पक्का आहे की नाही. पहिल्या प्रश्नावर मी मोकळेपणाने बोलेन. दुसऱ्यावर जपून बोलेन, कारण ताज्या दुःखावर घाईने वचनं चिकटवली की काय होतं ते मी पाहिलं आहे.

आधी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन घेऊ, 1:9. "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील." हे बहुतेकांना पाठ असतं, आणि पाठ असतं म्हणूनच नीट वाचलं जात नाही.

आमच्या मंडळीत एक बाई होत्या. अकरा वर्षं त्यांनी प्रभुभोजन घेतलं नव्हतं. उपासना चुकवायच्या नाहीत, पण बसायच्या शेवटच्या बाकावर. भाकरीचं ताट आलं की ते दोन्ही हातांनी धरून शेजारणीकडे द्यायच्या. प्याला आला की तोही तसाच. मी कित्येक वर्षं त्यांना काही विचारलं नाही, आणि ती माझी चूक होती. शेवटी एकदा त्यांनीच भेटायला येऊन सगळं सांगितलं. काय सांगितलं ते त्यांच्यापाशीच राहू द्या. मी हे वचन काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "तर तो दयाळू आहे म्हणून..." मी म्हटलं, पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा बोट मध्येच थांबलं. "विश्वसनीय व न्यायी," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "न्यायी असेल तर मला शिक्षाच व्हायला पाहिजे ना?"

त्या प्रश्नातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

योहानाने "दयाळू" लिहिलं असतं तर ते चूक ठरलं नसतं. पण दया म्हटलं की आपल्याला माणसाचीच दया आठवते. ती मनःस्थितीवर चालते. पहिल्यांदा पाझरते, तिसऱ्यांदा कुरकुरते, दहाव्यांदा दार लावून घेते. योहानाने क्षमेचा पाया वेगळ्या जागी घातला. देव क्षमा करतो कारण त्याने तसा शब्द दिला आहे आणि तो शब्द मोडत नाही, म्हणून तो "विश्वसनीय". आणि त्या पापाची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर चुकती केली आहे. एकच ऋण दोनदा वसूल करणं हा अन्याय ठरेल, म्हणून तो "न्यायी". प्रेषित पौलही रोमकरांस पत्राच्या 3:26 मध्ये हेच मांडतो: देव स्वतः न्यायी राहून पापी माणसाला नीतिमान ठरवतो. ज्या न्यायाच्या धास्तीने ती बाई अकरा वर्षं मागच्या बाकावर बसली होती, तोच न्याय आता तिच्या बाजूने उभा होता. हे एकदा आत उतरलं की "आज देवाचा कल कसा असेल?" हा प्रश्नच उरत नाही.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर 1505 साली जर्मनीत एरफुर्टच्या मठात दाखल झाला. तरुणपणी तो आपला वरिष्ठ श्टाउपित्स याच्यापुढे तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा, आणि तरीही काहीतरी सांगायचं राहिलं या भीतीने तळमळायचा. "देवाची नीतिमत्ता" हे शब्द त्याला धमकीसारखे वाटत. रोमकरांस 1:17 वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं की हे देवाकडून मिळणारं दान आहे, आणि त्याचा श्वास मोकळा झाला. पंथ कुठलाही असो, ज्याचं मन पापांची मोजदाद करत राहतं त्याला या अनुभवाची ओळख पटते.

तुम्हीही मोजदादच करता आहात. येशूचा शिष्य पेत्र यानेही केली होती: भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूने साताच्या सत्तर वेळा असं सांगितलं आणि लगेच एक दृष्टान्त दिला (मत्तय 18). एका दासावर राजाचं दहा हजार तालांतांचं ऋण होतं. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर 6 कोटी दिवसांची मजुरी होते. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी फेडायला 2 लाख वर्षं लागतील. आणि हा माणूस पाया पडून काय म्हणतो? मला वागवून घ्या, सगळं फेडतो. तो मुदत मागतो. राजा मात्र मुदतीविषयी चकार शब्द काढत नाही, सगळं ऋणच सोडून देतो.

तुमच्या प्रार्थनेतही ही मुदत मागणं आहे का, ते एकदा पाहा. "देवा, या वेळी क्षमा कर, पुन्हा होणार नाही." हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटलं आहे. त्यातला पश्चात्ताप खरा असतो, पण शेपटाला एक हमी जोडलेली असते, आणि हमी मोडली की पुढच्या वेळी तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणजे क्षमा आपण आपल्या शब्दावर टांगून ठेवलेली असते. योहान ती देवाच्या शब्दावर ठेवतो.

हा शब्द देवाने कधी आणि कोणाला दिला, तेही बघण्यासारखं आहे. निर्गम 34 मध्ये देव स्वतःच्या तोंडाने स्वतःची ओळख सांगतो: दयाळू व कृपाळू देव, मंदक्रोध, दयेचा व सत्याचा सागर. ही ओळख एखाद्या विजयानंतरची नाही. दोनच अध्याय आधी लोकांनी सोन्याचं वासरू घडवून त्याच्यापुढे नाच केला होता. मोशेने रागाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या पर्वताच्या पायथ्याशी फोडल्या होत्या. करार झाला आणि शाई वाळायच्या आत मोडला म्हणतात, तसा प्रकार. मोशे पहाटे दोन नव्या कोऱ्या पाट्या घेऊन एकटाच सीनाय पर्वत चढतो, आणि तिथे देव मेघातून उतरून हे शब्द उच्चारतो. पुढे इस्राएलाने हे शब्द कधी सोडले नाहीत. नहेम्याच्या काळात, योएलाच्या तोंडी, स्तोत्र 86, 103 आणि 145 मध्ये ते पुन्हा पुन्हा येतात. योना संदेष्टा तर याच शब्दांवरून देवाशी भांडतो: तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पळून गेलो! निनवेच्या शत्रूंना क्षमा मिळाली याचा त्याला संताप आला होता.

त्याच वचनाच्या पुढच्या भागात, देव अपराधाची गय करत नाही, असंही आहे. ते गाळून वाचायचं नाही, त्याकडे मी येतोच.

इथे "दया" म्हणून आलेला मूळ इब्री शब्द आहे हेसेद. जुन्या करारात तो सुमारे 250 वेळा येतो, त्यातला निम्मा वाटा स्तोत्रसंहितेचा. स्तोत्र 136 मध्ये 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तोच शब्द: "त्याची दया सनातन आहे." हेसेद म्हणजे नुसती कणव नव्हे. नातं जोडलं की ते निभावून नेणारं, समोरचा चुकला तरी मागे न फिरणारं प्रेम. याच्या जोडीला येणारा "सत्य" हा शब्द म्हणजे एमेत, आणि तो ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून आपलं "आमेन" आलं. भक्कम, टेकलं तर न ढळणारं, हा त्याचा भाव. दया आणि विश्वासूपणा असे दोन वेगळे गुण आपण शिकवतो खरे, पण पवित्र शास्त्रात ते जोडीनेच चालतात. दया टिकते कारण तो विश्वासू आहे.

मला स्वतःला याचं सर्वांत मोठं बळ मिळतं ते उत्पत्ती 15 मधून. देव अब्रामाशी करार करतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे जनावरं मधोमध चिरून त्यांची शकलं समोरासमोर मांडली जातात. करार करणाऱ्यांनी त्यांच्यामधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो, हा त्याचा अर्थ (यिर्मया 34 मध्ये या रीतीचा उल्लेख आहे). अब्राम सगळी तयारी करतो, शकलांवर झडप घालणारे पक्षी हाकलतो, सूर्य मावळायला लागतो आणि त्याला गाढ झोप लागते. काळोखात एक धुमसणारी भट्टी आणि एक जळती मशाल त्या शकलांमधून पुढे जाते. अब्राम चालतच नाही. दोन्ही बाजूंची जोखीम देव एकटा स्वतःवर घेतो. वधस्तंभाविषयी बोलताना मला नेहमी ती मशाल आठवते.

आता तुमच्या मनात येईल, आणि यावंही, की मग पाप करत राहिलं तरी चालेल का? पौलाला हेच विचारलं गेलं होतं, आणि रोमकरांस 6 मध्ये त्याने ठाम नकार दिला. दावीद राजाचं उदाहरण घ्या. बथशेबाशी व्यभिचार, तिच्या नवऱ्याची म्हणजे उरीयाची हत्या, मग नाथान संदेष्टा समोर येऊन उभा राहतो. दावीद पाप कबूल करतो, नाथान त्याला त्याच क्षणी क्षमा सांगतो. पण त्याच तोंडाने परिणामही सांगतो, आणि दावीदाच्या घरातली तलवार पुढे खरोखरच थांबली नाही. क्षमा म्हणजे घडलेल्याचे परिणाम पुसले जाणं नव्हे. आणि तुमच्या पापाने दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर देवाची क्षमा मिळाली म्हणून त्या माणसाचं देणं संपत नाही. त्याच्याकडे जा, नुकसान भरून द्या, आणि त्याने लगेच क्षमा करावी असा आग्रह धरू नका. "देवाने मला क्षमा केली, तू कोण न करणारा?" असं म्हणून पीडिताचंच तोंड बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. दयेच्या शिकवणीचा याहून वाईट वापर मला माहीत नाही.

वारंवार होणाऱ्या पापाबद्दल अनुभवाने सांगतो: ते एकट्याने लढू नका. याकोब 5:16 एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. कॅथलिक मंडळीत यासाठी धर्मगुरूंपुढे पापनिवेदनाची रीत आहे. इतर मंडळ्यांत निदान एक भरवशाचं, तोंड मिटून ऐकणारं माणूस शोधावं लागतं. पाप अंधारात जितकं राहतं तितकं मूळ धरतं. आणखी एक. क्षमा मागून झाली, सवय सुटली, तरी वर्षानुवर्षं तीच टोचणी दिवसरात्र छळत असेल, तीच प्रार्थना शब्द चुकला म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर तो कधी कधी विश्वासाचा प्रश्न नसून मनाच्या आजाराचा असतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात अविश्वास मुळीच नाही.

लाजेबद्दल थोडं. ज्या रात्री येशूला धरलं, त्या रात्री दोन शिष्य कोसळले: यहूदाने त्याला धरून दिलं, पेत्राने त्याला नाकारलं. यहूदा पस्तावला आणि त्याबद्दल मिळालेली चांदीची नाणी घेऊन याजकांकडे गेला. ते म्हणाले, त्याचं आम्हांला काय, तुझं तू पाहून घे. पेत्र पस्तावला आणि बाहेर जाऊन रडला. दोघांचाही पस्तावा खरा होता. एक गेला अशा दारी जिथे दया नव्हती. दुसरा काही दिवसांनी होडीतून पाण्यात उडी टाकून प्रभूकडे पोहत निघाला.

योहान 21 मध्ये पेत्र किनाऱ्यावर पोहोचतो तेव्हा समोर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो. नव्या करारात कोळशांच्या विस्तवासाठी हा शब्द दोनच ठिकाणी आला आहे. इथे, आणि प्रमुख याजकाच्या वाड्यात, जिथे पेत्र शेकत उभा राहून "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला होता. तोच धूर, तोच वास. येशूने ती आठवण टाळली नाही, उलट पेत्राला तिच्यासमोर आणून बसवलं. पण आधी त्याला जेवू घातलं. मग तीन नकारांना तीन प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी. "पुन्हा असं करणार नाही ना?" हे येशूने एकदाही विचारलं नाही.

आता आईबद्दल.

"देवाची इच्छा होती" किंवा "यातून काहीतरी चांगलं निघेल" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. देवाच्या विश्वासूपणाचा अर्थ तो प्रत्येक आजार बरा करेल असा मी लावत नाही, कारण तसं वचन मला शास्त्रात सापडत नाही. पौलाने शरीरातला काटा (आपल्या एका त्रासाला तो असं म्हणतो) जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. खुद्द येशूने गेथशेमानेत तीनदा तीच प्रार्थना केली, दुःखाचा प्याला टळला नाही. इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासवीरांची मोठी यादी आहे आणि तिथे साफ लिहिलं आहे की हे सगळे वचनफळ न मिळताच मेले. विश्वास कमी पडला म्हणून आई गेली असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल, तर त्यांनी हा अध्याय लक्ष देऊन वाचलेला नाही.

देवाने दिलेला शब्द आहे तो सोबतीचा आणि पुनरुत्थानाचा. लाजराची गोष्ट मला इथे नेहमी जवळची वाटते. आजारपणाचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस जागचा हलला नाही. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरीया दोघीही त्याला एकच वाक्य सुनावतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तुमचीही तक्रार हीच आहे, आणि ती बायबलमध्ये आधीच लिहून ठेवलेली आहे. येशूने त्यांना गप्प केलं नाही. काही क्षणांतच आपण लाजराला उठवणार हे माहीत असूनही तो रडला. मृत्यू ही त्याच्याही दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हती.

"त्याच्या करुणेला खंड पडत नाही. ती रोज सकाळी नवी होते. तुझी सत्यता थोर आहे." विलापगीत 3 मधलं हे वचन अंत्यविधीत बहुधा तुमच्याही कानांवर पडलं असेल. ते कुठे लिहिलं गेलं ते मात्र कोणी सांगत नाही. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं होतं, मंदिर पडलं होतं, रस्त्यांवर भुकेने लेकरं मरत होती. याच अध्यायाच्या सुरुवातीला लेखक म्हणतो की देव माझ्यासाठी दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा झाला आहे, त्याने खड्यांनी माझे दात पाडले. मग हे वचन येतं, पाच अध्यायांच्या बरोबर मधल्या अध्यायात. पुस्तक तिथे संपत नाही. पुढे पुन्हा रडणं आहे, आणि शेवटच्या ओळीत तर, तू आम्हांला कायमचं टाकलंस का, हीच धास्ती आहे. रडणं आणि भरवसा एकाच माणसाच्या तोंडी, एकाच प्रार्थनेत बसतात, हे त्या पुस्तकाने मला शिकवलं.

प्रार्थना नेमकी कशी करू, असंही तुम्ही विचारलं आहे. आज रात्री पापाच्या यादीपासून सुरुवात करू नका. स्तोत्र 88 काढा. त्यात शेवटपर्यंत काळोखच आहे, आशेचं एक वाक्य नाही, तरी ते देवाला उद्देशून आहे. ते मोठ्याने वाचा आणि त्यानंतर आईचं नाव घ्या. देवाला काय बोलायचं आहे ते बोला, रागाचं असेल तर रागाचं. मग तुमचं ते पाप सांगा, एकदाच, नाव घेऊन, कसलीही हमी न जोडता. मग योहानाचं वचन वाचा. "विश्वसनीय व न्यायी" या शब्दांवर बोट ठेवा. त्याच्यापुढे "आमेन" म्हणा आणि दिवा मालवा.